बोटभर सैल

११ नोव्हेंबर, सोमवार

कुमार डॉक्टरांनी पुन्हा तोच पेपर पाठवलाय! परत आला म्हणे. मासिकाच्या तपासनिसानं लिहिलंय — मापं कशी घेतली आणि सूत्र नेमकं काय, हे इंग्रजीतून नीट समजत नाही. मग काय, "दीक्षा मॅडम, आता तुम्हीच बघा." हे वाक्य धाराशिवातल्या इतक्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंय की दारावर पाटीच लावावी. कॉलेजात पोरांना इंग्रजी शिकवा आणि घरी येऊन डॉक्टरांना!

पेपर तसा कामाचा आहे. लहान लेकराचं वजन काट्याशिवाय कसं काढायचं? ऊसतोडीच्या टोळीवर, रानातल्या वस्तीवर काटा कुठून आणणार? म्हणून एक फीत. दंडाचा घेर मोजायचा, डोक्यापासून टाचेपर्यंत लांबी मोजायची, दोन्ही आकडे सूत्रात घातले की वजन. वजनावरून औषध किती ते ठरतं. शिवाय त्याच फितीवर रंग आहेत. दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर लाल — लेकरू तडक दवाखान्यात. साडेबाराच्या आत पिवळा. त्याच्या वर हिरवा, म्हणजे ठीक. डॉक्टरांच्या संस्थेच्या बायका ही फीत घेऊन गावोगाव फिरतात.

पण लिहिलंय काय! 'ए' म्हणजे पहिल्या पानावर वय, तिसऱ्या पानावर दंड. लांबी कुठं मीटरमध्ये, कुठं सेंटिमीटरमध्ये. सूत्र आधी फेकलंय आणि त्यातल्या अक्षरांचे अर्थ दोन पानं सोडून. वाचणाऱ्यानं काय पंचांग घेऊन बसायचं?

१३ नोव्हेंबर, बुधवार

पद्धतीचा भाग मुळापासून लिहायला घेतला. माझा एकच नियम — लिहिणारा उद्या मेला तरी वाचणाऱ्याला तसंच माप घेता आलं पाहिजे. म्हणून आधी काय मोजलं, मग कशानं, शरीरावर कुठं, कुठल्या एककात. मग सूत्र. लगेच त्याच्याखाली प्रत्येक अक्षराचा अर्थ. एक अक्षर, एकच अर्थ. वाक्यं छोटी. हे वर्गात सांगते तेव्हा पोरं जांभया देतात.

डावा दंड. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. हात सैल सोडलेला. इथपर्यंत छान जमलं. पुढं तपासनिसाचा प्रश्न — फीत किती घट्ट?

डॉक्टरांना फोन लावला. मागं लेकरं रडत होती. "अहो, नेहमीसारखी. फार घट्ट नाही, फार सैल नाही. तुम्ही लिहा ना तुमच्या चांगल्या इंग्रजीत."

लिहिलं. फीत कातडीला सगळीकडून टेकलेली होती, पण कातडी दाबली जात नव्हती. इंग्रजीत तर फारच सुरेख उतरलं वाक्य! दोनदा मोठ्यानं वाचलं. आता मी काही एकाही लेकराचं माप घेताना बघितलेलं नाही. पण ते बघणं माझं कामही नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

गावी जाऊन आले. येडशीपासून पुढं जीपनं. आई दारातच उभी होती. मित्रा, माझी भाची — तिला दसऱ्यानंतर आजच बघितलं. राजपालची पोरगी, चौदा महिन्यांची. माझा हा धाकटा भाऊ कायम ट्रकवर, हैदराबादच्या रस्त्याला. घरात मित्रा, तिची आई आम्रपाली आणि आमची आई, एवढ्याच.

लई शांत पोरगी, असं गल्लीतल्या सगळ्या म्हणतात. खरंच आहे. मांडीवर घेतली तर नुसती बसून राहिली, माझ्या तोंडाकडं बघत. स्वेटर, टोपरं, त्यात एवढंसं तोंड. पायातला चांदीचा वाळा माझ्या हातात निघून आला. घातला. परत निघाला.

"सोनारानंच सैल केलाय," आई म्हणाली. "वाढत्या अंगाला लागतुया."

आम्रपाली भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, पोरगी खातच न्हाय वो. दोन घास झाले की त्वांड फिरवती. रडतबी न्हाय."

"राजपालबी असाच व्हता," आई म्हणाली. "काडीवानी. आता बघ, एवढा ट्रक वडतोय."

मी विचारलं, फितीवालीनं माप घेतलंय का? घेतलं होतं म्हणे, दिवाळीच्या तोंडावर. हरणाबाई आली होती. बारा पॉइंट आठ, हिरवा. मग काय, मी सुरूच झाले! साडेबाराच्या वर म्हणजे काळजीचं कारण नाही, हे माप सगळीकडं चालतं, त्याच्यावरचा पेपर सध्या माझ्याच टेबलावर आहे — सगळं समजावून सांगितलं. आम्रपाली भाकरी उलटवत म्हणाली, "तुमी म्हणताव तर बरंच आसंल." तिनं तो विषय पुढं काढला नाही. येताना मला बरं वाटत होतं. कुणाची तरी काळजी मिटवून आल्यासारखं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची ड्यूटी. दिवसभर लोकांच्या बोटांना शाई लावली. पायाचे तुकडे पडलेत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांनी आकृतीसाठी फोटो पाठवले. फीत दंडाला कशी लावायची ते दाखवायला. "त्यातला चांगला तो घ्या."

पहिला हरणाबाईंचा. आमच्याच गावाबाहेरच्या धनगरवस्तीवर राहतात. संस्थेतल्या सगळ्यात जुन्या, नव्या बायकांना त्याच शिकवतात. कपाळावर गोंदण, तोंडभर हसू. मांडीवर गुटगुटीत पोरगं, दंडाला फीत. फोटो झकास. फक्त फितीत त्यांचं बोट अडकलंय. म्हटलं, असू दे, दुसरा घेऊ.

दुसऱ्यात दुसरी बाई, दुसरं लेकरू. फितीत बोट.

तिसऱ्यात तरणी पोर आहे, पंजाबी ड्रेसमधली. फितीत बोट!

सगळे फोटो मोठे करून पुन्हा बघितले. प्रत्येक बाई वेगळी आणि बोट मात्र सगळीकडं तिथंच. अडकलेलं नाही. मुद्दाम घातलेलं, फितीच्या आत, लेकराच्या दंडाला लावून. उठून पाणी प्यायले.

डॉक्टरांना फोन. "फीत घसरू नये म्हणून धरत असतील हो. फोटो जरा क्रॉप करून टाका ना."

क्रॉप करायला बसले होते. नाही केला.

२४ नोव्हेंबर, रविवार

स्वयंपाक करता करता लाटण्याकडं लक्ष गेलं. लहान लेकराचा दंड साधारण एवढाच असेल की! शिवणाची फीत काढली. लाटण्याला गुंडाळली, टेकवली, ओढली — अकरा पॉइंट तीन. मग आत बोट घालून ओढली.

बारा पॉइंट आठ.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. बोट न घालता लाल, बोट घालून हिरवं. मधल्या पिवळ्यात थांबतसुद्धा नाही. आणि बारा पॉइंट आठ हा आकडा मी कुठं ऐकला ते आठवायला वेळ लागला नाही.

आईला फोन लावला, उचलला नाही. आम्रपालीचा बंद. असेल, चार्जिंग संपलं असेल. उद्या रजा टाकते.

भाजी करपली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

गावी पोचले तर घरात एकटी आई. आम्रपाली पोरीला घेऊन परवाच माहेरी गेलीय, नळदुर्गला. तिच्या आईला बरं नाही. मी तशीच चालत वस्तीवर गेले. हरणाबाई अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. नवरा बिराप्पा मेंढरं घेऊन रानात.

वाटेनं मी भांडणच पाठ करत गेले होते. आणि त्यांनी मला बघून घोंगडी अंथरली. "या बाई, मथुराबाईची लेक न्हवं तुमी?"

म्हटलं, "मावशी, माप घेताना फितीत बोट का घालता?"

"मंग? घालावंच लागतंय की."

"कुणी सांगितलं?"

त्या हसल्या. पाणी का पितात असं मी विचारल्यासारखं. "सांगाया कशाला पायजे? बाई, पुरं माप मढ्याचं घेत्यात. जित्या लेकराला एक बोट सोडायचं. तेवढी वाढाया जागा."

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या वर्षी फीत काढली की आया दार लावून घ्यायच्या. ही बया लेकराचं माप न्यायला आलीय, म्हणायच्या. एका घरी तर सासूनं अंगावर पाणी टाकलं. "मंग म्या बोट घालून दावलं. ह्ये बघा म्हनलं, जागा ठिवलीया. तवा कुठं लेकरं हातात दिली. पुढं पोरींना तसंच शिकवलं. न्हायतर ह्या फितीला कुनी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं."

डॉक्टरांनी शिबिरात पडद्यावर चित्र दाखवलं होतं. लांबून. सगळ्या बायकांनी माना हलवल्या. फितीच्या आत काय आहे ते कुणी वाकून बघितलं नाही. आणि सूत्र बसवलं ते दवाखान्यातल्या लेकरांवर, नर्सनं बोट न घालता मोजलेल्या. गावात मोजतात बोट घालून. दंड फुगतो, वजन फुगतं, औषधाचा डोस फुगतो. सूत्राला काय कळणार!

त्यांचंच लाटणं आणि त्यांची रंगांची फीत मागून घेतली. आधी बोट न घालता. मग घालून. रंग दाखवले. त्यांनी माझ्या हातातून फीत घेतली आणि स्वतः करून बघितलं. परत केलं. मग लाटणं मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"म्हंजी म्या हिरवं म्हनून माघारी धाडलेली —" एवढंच म्हणाल्या. मग, "गौराबाईचा नातू."

त्यांनीच सांगितलं. "उन्हाळ्यात गेला. जुलाबानं गेला म्हनले."

कोंबडी घोंगडीवर चढली तरी दोघींपैकी कुणी हाकलली नाही. भांडण सगळं जागच्या जागीच राहिलं माझं.

त्यांची फीत घेऊन उद्या पहिल्या गाडीनं नळदुर्ग.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आम्रपालीचं माहेर ढाब्यांच्या मागच्या अंगाला. ट्रक गेला की फळीवरची भांडी वाजतात. मला बघून ती घाबरलीच. "राजपालला काय झालं?" काही नाही म्हटलं, पोरीचं माप घ्यायचंय.

स्वेटर काढला. गेल्या खेपेला मी तिला स्वेटरशिवाय बघितलंच नव्हतं! दंडाची कातडी सैल लोंबत होती, म्हाताऱ्या माणसासारखी. अंग गरम. छातीतून बारीक आवाज. मित्रानं हात ओढून घेतला नाही. मी फीत घातली तर आम्रपालीची आई खाटेवरून म्हणाली, "बोट ठिव गं बाई आत."

इथंही! नळदुर्गातही!

नाही ठेवलं. फीत टेकवली, ओढली. दहा पॉइंट नऊ.

आम्रपालीला आकडे कळत नसतील, रंग कळतो. लाल दिसला तिला. माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, हिरवं व्हतं न्हवं? तुमीच म्हनलावता."

पोरीला शालीत गुंडाळलं, रस्त्यावर आलो, मिळेल त्या गाडीला हात केला. दुपारी धाराशिवला सरकारी दवाखान्यात भरती.

२७ नोव्हेंबर, बुधवार

वजन सहा किलो. बोटाचं माप सूत्रात घालून बघितलं — साडेसात येतं! तेवढं दीड किलो लेकरू कधी नव्हतंच.

छातीत कफ आहे. सलाईन. आम्रपाली माझ्याशी सरळ बोलते, त्याचाच त्रास होतोय. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

कुमार डॉक्टर वॉर्डात आले. मीच फोनवर सगळं सांगितलं होतं. खाटेजवळ उभं राहून म्हणाले, "दहा तारखेच्या आत पेपर द्यायचाय. असं करू, शेवटी मर्यादा लिहितो ना, तिथं एक ओळ टाकू. मापात थोडाफार फरक असू शकतो, अशी."

थोडाफार!

मी फीत त्यांच्या हातात दिली. म्हटलं, मोजा. आधी तुमच्या पद्धतीनं, मग तुमच्या बायकांच्या पद्धतीनं. त्यांनी मोजलं. चांगले डॉक्टर आहेत हो, हात किती हलका! मित्रानं डोळेसुद्धा मिटले नाहीत. दोनदा मोजून झाल्यावर फीत गुंडाळत उभे राहिले. गुंडाळून संपली, तरी बोटं फिरतच होती.

"किती वर्षं चाललंय हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सुरुवातीपासून.

आम्रपालीकडं त्यांनी बघितलं नाही. दाराशी जाऊन थांबले आणि म्हणाले, "लिहा. जसं आहे तसं लिहा. उद्या सगळ्या बायकांना बोलावतो."

२ डिसेंबर, सोमवार

ते सुरेख वाक्य खोडलं. तो खोटेपणा चुटकीसरशी लिहून झाला होता. हे खरं वाक्य काही केल्या होईना. दुपार गेली.

काय म्हणायचं ह्याला इंग्रजीत? चूक म्हणावी तर त्यांनी ती जपून केली, दर वेळी सारखी केली. अंधश्रद्धा म्हणावी तर तपासनीस हसेल आणि पुढचं वाचणारच नाही. आणि आकड्यातून बोट वजा तरी कसं करायचं? हरणाबाईंचं बोट जाड, त्या पंजाबी ड्रेसवाल्या पोरीचं काडीसारखं. कुणी करंगळी घातली असेल, कुणी मधलं. लेकरू जेवढं बारीक तेवढा घोटाळा मोठा. म्हणजे गावांतली सगळी मापं गेली. पेपरचा अर्धा भाग गेला.

शेवटी सरळ लिहिलं. गावांतील मापे घेताना फीत आणि दंड यांच्यामध्ये माप घेणारीचे एक बोट होते. बोटांची जाडी मोजलेली नाही. ही मापे या सूत्रात वापरू नयेत.

तीन वाक्यं. लिहिणारी उद्या मेली तरी चालेल अशी.

४ डिसेंबर, बुधवार

हरणाबाईंचा फोन. परवापासून पुन्हा घरोघर फिरतायत, बोट न घालता. आधी चावडीसमोर सगळ्यांच्या देखत स्वतःच्या नातीचं, अक्षदाचं पुरं माप घेतलं. "म्हनलं, आधी माझ्या घरचं. मंग तुमी बघा." पोरगी पिवळी निघाली. आज दिवसभरात तीन लाल.

"आया भ्यात्यात का?" मी विचारलं.

"भ्यात्यात की. दोघींनी दार लावलं. पर म्या तुमच्या मित्राचं नाव सांगतीया. म्हनलं, तिचं पुरं माप घेतलं म्हनून तर कळलं. दवाखान्यात बरी हुतीया. ती घरी आली की बघा सवताच्या डोळ्यानं." मग आवाज खाली आणून, "येतीया न्हवं बाई घरी?"

येणार म्हटलं. काय म्हणायचं दुसरं? आता मित्रा एकटी आजारी नाही. सगळ्या गावाच्या आया तिच्याकडं बघत बसल्यात, आणि तिला त्याचा पत्ता नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

रडली! मित्रा रडली!

आई विहारातली वंदना करून पांढऱ्या साडीतच वॉर्डात आली. नर्सनं सुई बदलली आणि पोरीनं असा भोकाड पसरला की शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. आम्रपाली हसतेय आणि डोळे पुसतेय. आई तर नर्सलाच म्हणाली, "टोच बाई आजून येकदा!"

पाठोपाठ हरणाबाई आल्या. खारकांची पुडी घेऊन, पण आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभ्या. आईनं हात धरून आत आणलं, पण बोलल्याशिवाय राहिली नाही. "हरणाबाई, तुमी एवढ्या जुन्या बाई आन् कसलं त्ये बोट घेऊन बसलाव! आपुन न्हाय असलं मानत. बाबासाहेबांनी आमाला कशाला शिकिवलं मंग?" हरणाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "चुकलं मथुराबाई." आईनं त्यांना चहा पाजला. तिथंच मिटलं.

मला मात्र वाटलं, आईनं मलाही बोलायला पाहिजे होतं. हिरवा हिरवा म्हणून नाचले ती मी.

८ डिसेंबर, रविवार

दोनशे ग्रॅम वाढलं. खाऊ गिळतेय. वाटी दिसली की तोंड उघडते. पेपर काल पाठवला. डॉक्टरांनी माझ्या तिन्ही वाक्यांतला शब्दही बदलला नाही. राजपालला फोनवर तिचं रडणं ऐकवलं. तो गाडी बाजूला घेऊन स्वतःच रडत बसला.

हरणाबाईंनी विचारलं, कधी सोडणार? दार लावणाऱ्या त्या दोघींपैकी एकीनं आज उघडलं म्हणे. पोरगं लाल. उद्या आणणारेत.

संध्याकाळी मित्राला जरा खोकला होता. नर्स म्हणाली, थंडी आहे, होतो.

९ डिसेंबर, सोमवार

ताप. खाऊ घेतला नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

नाकाला नळी. परत शांत झालीय. मला ही शांतता नको आहे. पोरी, रड की!

११ डिसेंबर, बुधवार

मित्रा सकाळी गेली.

दुपारी गावी आणलं. राजपाल पोचला. गल्लीतल्या आया आपापल्या दारात उभ्या होत्या, लेकरं पदराखाली घेऊन. हरणाबाई आमच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्याजवळ कुणी जाईना. एक बाई बोललीच, मला ऐकू जाईल अशी — "पुरं माप घेतलं, मंग काय हुनार?"

पांढरं कापड आणलं. किती फाडायचं म्हणून आईनं माझ्याकडं फीत मागितली. खाली बसली. मित्राच्या अंगाभोवती फीत घातली आणि ओढायच्या आधी आत आपलं एक बोट सरकवलं.